बेचाळीस हंडे

गवंडीमामांनी टँकरच्या नळीखाली ओंजळ धरली, घोटभर पाणी तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं आणि बाजूच्या गवतात थुंकून टाकलं. "परत घेऊन जा," ते ड्रायव्हरला म्हणाले, "मचूळ आहे." ड्रायव्हर हुज्जत घालू लागला. एक दिवस फुकट जाणार म्हणून मीही मध्ये पडले. म्हटलं, "मामा, आपल्याला प्यायला थोडंच हवंय? सिमेंटमध्ये तर घालायचंय." मामांनी हात पंच्याला पुसले. "ताई, माणूस एक दिवस मचूळ पाणी पिईल आणि विसरून जाईल. लोखंड विसरत नाही."

टँकर परत गेला. ही २०१९च्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्या दिवसापासून माझं घर बांधण्याचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं असं मी धरते, जरी कागदोपत्री ते वर्षभर आधीच सुरू झालं होतं.

पेण शहर मागे टाकून पश्चिमेला खाडीच्या दिशेने निघालं की डोंगर पाठीशी राहतात आणि जमीन ताटासारखी सपाट होत जाते. हा खारेपाट. समुद्राच्या भरतीला बांध घालून पूर्वजांनी मिळवलेली ही भातशेती. खाडीच्या बाजूचा मोठा बांध तो बाहेरकाठा. त्यात ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी दारं, ती उघाडी. बांध राखायची जबाबदारी सगळ्या गावाची मिळून, तिला जोळ म्हणत. माझ्या लहानपणी रात्री-बेरात्री "खांड गेली, खांड गेली" अशी हाक यायची. बांध फुटला की खारं पाणी शेतात घुसतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. वडील कंदील आणि फावडं घेऊन धावायचे, सोबत सगळी आळी. सकाळी चिखलाने माखून परतायचे तेव्हा काकीचे सासरे आमच्याच ओटीवर बसून चहा प्यायचे. काकी म्हणजे आमची शेजारीण. गावाचं नाव आणि तिचं नाव मी लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही.

आमच्याकडे पाणी नको तिथून येतं आणि हवं तिथून येत नाही. पेण तालुक्यातच, डोंगराच्या बाजूला, भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं. त्याच तालुक्याच्या खारेपाटात उन्हाळ्यात बायका हंडे मांडून नळाची वाट बघतात. विहीर खणावी तर मचूळ. गावतळ्यात साठलेलं पावसाचं पाणी होळीपर्यंत पुरतं, पुढे त्याला शेवाळाचा वास येतो. पाऊस मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. हे सगळं मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं डोंबिवलीत नळाखाली बादली लावून शाळेत शिकवायला गेले, म्हणून हाताला विसर पडला होता, एवढंच.

आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं. २००५च्या जुलैतल्या पावसात ते बसलं. वडील तेव्हा नव्हते, आई माझ्याकडे होती. गावठाणातली जागा तशीच राहिली, तिच्यावर भेंड आणि रानकेळी वाढल्या. निवृत्त झाले तेव्हा आलेल्या पैशांतून काय करायचं हे मी कुणाला विचारलं नाही. मला त्या जागेवर घर हवं होतं.

आराखडा माझ्या एका विद्यार्थिनीने केला. ती वास्तुरचनाकार झाली आहे. लॉरी बेकर तिचं दैवत. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा माणूस मुंबईत गांधीजींना भेटला, पुढे भारतात येऊन स्थायिक झाला आणि केरळमध्ये त्याने विटांची साधी, हवेशीर, कमी खर्चाची घरं बांधली. घराचं सामान शक्यतो पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार त्याने आयुष्यभर सांभाळला. विद्यार्थिनीने मला विचारलं, "बाई, तुमच्या पाच मैलांत काय काय मिळतं?" मी विचार केला. खारी माती, भाताचा पेंढा, मीठ आणि जिताडा मासा. दोघींनी मग परीघ वाढवला. जोत्याला डोंगराकडचा काळा दगड, पूर्वेकडच्या भट्टीतल्या विटा, वर उतरतं कौलारू छप्पर. पुढे पडवी, मागे परसदार. फक्त स्वयंपाकघर आणि न्हाणीघरावर सपाट स्लॅब, पाण्याच्या टाकीसाठी. दहा बाय बारा फुटांचा हा एवढासा तुकडा. सगळ्या घरात मी ज्याचा सर्वांत कमी विचार केला होता तोच.

काम प्रथम ज्याला दिलं त्याने शौचालयाची टाकी आणि कुंपणाचे खांब उभे केले, उचल घेतली आणि निघून गेला. वर्षाच्या आत खांबांवर उभ्या भेगा पडल्या, त्यांतून तांबूस ओघळ आले. हाताने चिमटा काढला तर सिमेंटची कपची निघून आली, आत गज गंजून फुगलेला. खाडीची रेती आणि मचूळ पाणी. गंजलं की लोखंड फुगतं आणि फुगलं की भोवतालचं काँक्रीट फोडतं. सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त क्लोराइड नसावं, अशी मर्यादाच घालून दिलेली आहे. हे मला विद्यार्थिनीने नंतर सांगितलं. मामांनी ती मर्यादा जिभेने मोजली होती.

मामा आले काकीच्या ओळखीने. साठीच्या पुढचे, डोंगराच्या बाजूच्या गावातले. आल्या आल्या त्यांनी नकाशा बघितला नाही. "आधी सांगा, पाणी कुठवर आलेलं?" म्हणाले. मी २००५ची आठवण सांगितली, ती गुडघ्यापर्यंत की मांडीपर्यंत हेही मला नीट सांगता येईना. ते काकीकडे गेले. काकीने त्यांना स्वयंपाकघरातला खांब दाखवला. लाकडावर एक काळपट रेघ होती आणि तिच्या वर चार बोटांवर आणखी एक. खालची १९८९ची, ज्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात हाहाकार केला तेव्हाची. वरची २००५ची. मामांनी पाण्याची पारदर्शक नळी मागवली. एक टोक काकीच्या खांबाला धरलं, दुसरं माझ्या जागेवर रोवलेल्या काठीला. नळीतलं पाणी थरथरलं, थांबलं, दोन्हीकडे एकाच उंचीवर आलं. काठीवर त्यांनी खिळ्याने चरा काढला. "जोतं याच्यावर वीतभर." आराखड्यात जोतं दोन फुटांचं होतं, ते साडेतीन फुटांचं झालं. दगड, भराव, मजुरी, सगळं वाढलं आणि माझा दोन दिवस चेहरा उतरला. २०२१च्या जुलैत पाणी दुसऱ्या पायरीला लागून परत फिरलं. त्या रात्री मी माजघरात कोरड्या फरशीवर झोपले होते.

घर बांधायला घेतलं की कळतं, गावाचं एक पंचांग असतं आणि आपलं वेगळं. मृग लागला की बिगारी भाताच्या आवणात. आवणी आटोपली की जोहे-हमरापूरच्या कारखान्यांत गणपतींचा हंगाम ऐन भरात, मग हाताला सफाई असलेला माणूस गणेशचतुर्थीपर्यंत मिळत नाही. त्यानंतर कापणी, झोडणी. म्हणजे बांधकाम दिवाळीनंतर ते वैशाखापर्यंत. मी पहिल्यांदा चिडले, मग ते पंचांग भिंतीवर लावल्यासारखं पाठ केलं. आणि त्यातूनच एक सुंदर गोष्ट मिळाली. मामांचा भाचा मूर्ती घडवणाऱ्यांपैकी. देवघराच्या कोनाड्याचा गिलावा त्याने केला. ओल्या गिलाव्यावर तो थापी लावत नव्हता, ओला स्पंज आणि अंगठा फिरवत होता, मूर्तीच्या पोटावरून फिरवतात तसा. कोनाड्याच्या कडा आजही हाताला मऊ लागतात.

दार रोह्याहून आलं. कुंडलिकेच्या काठी एक जुनं घर पाडत होते. सुतारांना खबर लागली, ते मला गाडीने घेऊन गेले. सागाची चौकट, उंबरठ्यासकट, एकही खिळा न वापरता सांधलेली. घराच्या म्हाताऱ्या मालकीणबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. भाव ठरला, टेंपोत दार चढलं, तेव्हा त्या उठल्या, उंबरठ्याच्या घासून खोलगट झालेल्या मधल्या भागावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "संध्याकाळी दिवा याच्यावर ठेवायचा हं. आत नाही, यावर." मी ठेवते. त्या पैशांत हा शब्दही आला होता की नाही, मला ठरवता येत नाही.

आता त्या स्लॅबकडे येते.

२०२०च्या २० मार्चला, शुक्रवारी, तो पडला. बारा गोण्या सिमेंट, पाच इंच जाडी. दुपारी चारला काम संपलं, मामांनी कडेने मातीचं आळं घातलं आणि शनिवारी सकाळी त्यात पाणी उभं केलं. मी शुक्रवारी रात्रीच डोंबिवलीला निघाले होते. बेत असा की मंगळवारी परत यायचं आणि बुधवारी गुढीपाडवा नव्या घरात करायचा, छप्पर नसलं तरी. रविवारी करोनामुळे जनता कर्फ्यू आला. त्याच रात्री लोकल बंद झाल्या. पुढे जिल्ह्यांच्या सीमा बंद, गावांच्या वेशींवर बांबू आडवे. मामा आपल्या गावात अडकले, टँकर यायचा बंद झाला आणि मार्चच्या उन्हात माझा स्लॅब दोन दिवसांचा होऊन उघडा पडला.

सिमेंट वाळून घट्ट होतं असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. ते पाणी पिऊन घट्ट होतं. पन्नास किलोची एक गोणी साधारण साडेअकरा किलो पाणी कायमचं आपल्यात मुरवून घेते, पुन्हा कधी सोडत नाही. ते मुरायच्या आत उन्हाने पाणी उडालं तर वरचा थर भुसभुशीत होतो, चरे पडतात, गळतं. म्हणून पहिले दोन आठवडे पाणी मारायचं. दहा बाय बारावर दोन इंच पाणी उभं ठेवायचं तर साडेपाचशे लिटर लागतं, आणि ते उन्हाने उडेल तसं पुन्हा भरायचं. तेवढं पाणी त्या दिवसांत गावात कुणाच्याच घरी नव्हतं. मी डोंबिवलीत बसून मनातल्या मनात स्लॅबचा नाद सोडला. माणसं मरत असताना स्लॅबचं काय घेऊन बसायचं, असं स्वतःला समजावलं.

बुधवारी पाडव्याला काकीच्या नातवाने फोनवर फोटो पाठवला. माझ्या स्लॅबवर, कोपऱ्यातल्या वर आलेल्या सळ्यांना बांधलेली गुढी. हिरवं लुगडं, वर पितळी तांब्या. आणि खाली पूर्ण स्लॅबभर अंथरलेली गोणपाटं, ओली, काळी पडलेली. मी फोन केला. काकी म्हणाली, "बाय, पानी मारतंय. मामांनी फोनवर सांगलंय कसं करायचं. तू घाबरू नको, घराबाहेर निघू नको." मी विचारलं, पाणी कुठलं? "हाय की," म्हणाली आणि विषय बदलला.

मी ते "हाय की" तसंच घेतलं. याची मला आजही लाज वाटते.

जूनमध्ये निसर्ग वादळ आलं. ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर चढलं आणि सगळ्या रायगड जिल्ह्यावरून फिरलं. माझ्या घराला अजून छप्परच नव्हतं, उडायला काही नव्हतं. काकीच्या छपराची एक बाजू उघडी पडली. वीज गेली, फोन बंद, पाच दिवस काही कळलं नाही. सहाव्या दिवशी नातवाचा आवाज आला तेव्हा समजलं, ती माणसं ताडपत्रीखाली झोपताहेत. आणि माझ्या जागेवर फेब्रुवारीत उतरवलेली मंगलोरी कौलांची थप्पी तशीच होती, काकीच्या दारापासून वीस पावलांवर. एक कौल तिने उचललं नव्हतं. मी जवळजवळ ओरडलेच, "काकी, घे ना गं!" तर म्हणाली, "तुला विचारल्याबिगर कशी घेऊ?" मग तिने मोजून घेतली, एकशे साठ. वादळानंतर बाजारात कौलं मिळत नव्हती, मिळाली तर भाव चढलेला. दिवाळीनंतर मी काम पुन्हा सुरू केलं तेव्हा थप्पी मोजली. आकडा पूर्ण भरला. एकशे साठ कौलं तिने कुठून तरी आणून परत रचून ठेवली होती, त्याच बाजूने, त्याच उतारात. मी रागावले. ती म्हणाली, "उसनं ते उसनं."

२०२१च्या डिसेंबरात वास्तुशांत झाली. मामांना धोतर-उपरणं दिलं, सुतारांना, भाच्याला, सगळ्यांना काही ना काही. काकीला साडी दिली, ती तिने डोळ्यांना लावली. जेवणं उरकल्यावर तिची सून माझ्याबरोबर मागे भांडी घासत होती. नळाला धार होती, आम्ही दोघी मोकळेपणी पाणी वापरत होतो. ती सहज बोलून गेली, "तेव्हा आईंनी रोज तीन हंडे घातले तुमच्या सलॅपवर. नळ चौथ्या दिवशी यायचा, तोही रात्रीचा."

मी हात थांबवले. मग तिने सगळं सांगितलं. मामांनी फोनवर सांगितलं होतं, आळं मोडा, जुनी भाताची गोणपाटं अंथरा, पाणी कमी लागेल, साबणाचं थेंबभरही घालू नका. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका पिंपात साठवायचं, त्यात वर कमी पडेल तेवढं पिण्याचं. नातू शिडीने वर जायचा, दोर टाकायचा, काकी खाली कळशी बांधायची, तो ओढून घ्यायचा. सकाळी उन्हं चढायच्या आत आणि संध्याकाळी. रविवार २२ मार्चपासून ४ एप्रिलपर्यंत. घरात सहा माणसं. त्या चौदा दिवसांत ती सगळी एक दिवसाआड आंघोळ करत होती. आणि बाहेर तर सगळे सांगत होते, हात धुवा, सारखे हात धुवा.

चौदा दिवस, रोज तीन. बेचाळीस हंडे. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सहाशे तीस लिटर. मी शाळेत गणित शिकवायचे, आकडा डोक्यात आपोआप झाला आणि पुढे कितीतरी दिवस निघेना. बारा गोण्या सिमेंटने धरून ठेवलेलं पाणी सव्वाशे-दीडशे लिटर असेल. त्यात टँकरचं किती, काकीच्या तांदळाचं किती, तिच्या नातवाच्या न झालेल्या आंघोळीचं किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नाही. स्वयंपाक करताना मी ज्या छताखाली उभी असते त्यात ते आहे. पाच पावसाळे झाले, ते एक थेंब गळलेलं नाही.

मी तिला विचारायला गेले. "मला सांगितलं का नाहीस?" ती सुपाने पाखडत होती. "सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," ती म्हणाली, "मग सलॅप गेला असता." थोडं थांबून म्हणाली, "तुझा बापूस आमच्या खांडीवर रात्रभर कंबरेएवढ्या चिखलात उभा राहिलेला. माझं लगीन झालं त्या साली. मी नवी नवरी, मी बघितलंय." मला तो प्रसंग माहीतही नव्हता. वडिलांनी कधी सांगितला नाही. बहुधा त्यांनाही वाटलं असेल, त्यात सांगण्यासारखं काय आहे.

मला तेव्हापासून वाटतं की ते घर माझ्या निवृत्तीच्या पैशांतून झालं असं मी म्हणणं खोटं आहे. कागदांवर नाव माझं, विजेचं बिल माझ्या नावाने. पण जोत्याची उंची काकीच्या खांबावरून आली, काँक्रीटचं पाणी तिच्या पिंपातून आलं आणि या दोन्हींच्या मागे कुठल्यातरी भरतीच्या रात्री फावडं घेऊन उभा असलेला माझा बाप आहे. हिशेब कुठून सुरू करायचा हेच मला कळत नाही, तर तो मिटवायचा कसा.

मामांना विचारून पुढच्या वर्षी मी छपराच्या पन्हाळी एका टाकीत सोडल्या. दहा हजार लिटरची, अर्धी जमिनीत. साडेआठशे-नऊशे चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात दोन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. टाकी जून संपायच्या आत भरते, बाकीचं वाहून जातं. झाकण लावून ते एप्रिलपर्यंत राखते. नळाची एक तोटी काकीच्या परसाकडे काढली आहे. तिथे तिने पाणी घ्यायला माझी परवानगी विचारू नये म्हणून मी खूप सांगून पाहिलं. ती विचारतेच. मी डोंबिवलीत असले तर फोन करून विचारते, "बाय, दोन हंडे उसने घेते हां."

गेल्या मे महिन्यात मी तिथेच होते. रात्री दोन वाजून गेले असतील. दारावर टकटक झाली, काकीचा आवाज, "बाय, नळ आलाय. ऊठ." उंबरठ्यावरची पणती विझलेली होती. मी चाचपडत दोन कळशा घेऊन गेले. तिच्या अंगणात सून, नातू, शेजारच्या दोघी-तिघी, सगळे हंडे मांडून उभे. धार करंगळीएवढी. काकीला आता कमरेमुळे हंडा उचलवत नाही, ती पाटावर बसून फक्त मोजते. पहिला भरला, मी उचलून तिच्या ओट्यावर ठेवला. दुसरा भरला, तो ठेवला. तिसरा काठोकाठ आला तशी तिने तोटीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुझी कळशी लाव."